नानांचा भोंगा

पनवेलच्या एसटी स्टँडवर नानांनी वाहतूक नियंत्रक म्हणून उभी नोकरी काढली. मुंबईहून सुटलेली गाडी कोकणात जाणारी असो की घाटावर, पनवेल तिला चुकत नाही. गोव्याचा आणि पुण्याचा रस्ता फुटतो तो त्यापुढे, पळस्प्याला. त्यामुळे अलिबागवाले, महाडवाले, सातारवाले सगळे एकाच गर्दीत उभे आणि सगळ्यांचे कान एकाच भोंग्याकडे. त्या भोंग्यातला आवाज नानांचा.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. गणपतीचा आदला दिवस, स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नाही. कुणीतरी खिडकीत डोकावून म्हणाले, "चिपळूणची जादा गाडी आली, वळतेय आत." नानांनी माइक ओढला आणि सांगून टाकले, "चिपळूणला जाणारी जादा गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." मखराची खोकी, पोरेटोरे, पिशव्या घेऊन दीडदोनशे माणसे तीन नंबरकडे धावली. गाडी आली ती भलतीच. रेटारेटीत एक आजी पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. नाना तसेच माइककडे परत फिरले आणि तीनदा म्हणाले, "चिपळूणची गाडी आलेली नाही. मघाची सूचना चुकीची होती. चूक माझी आहे."

वरिष्ठांनी नंतर झापले, "चूक झाली ती झाली. भोंग्यावर कबूल कशाला करायची?"

"साहेब, लोकांनी ऐकलं ते भोंग्यावरच ना?" नाना म्हणाले.

त्या दिवसापासून नानांचा नेम ठरला. गाडी डोळ्यांनी दिसावी, पाटी स्वतः वाचावी, मगच माइकला हात लावावा. आठवड्याभरात प्रवाशांच्या ते लक्षात आले नाही, पण काही वर्षांत आले. पुढे पुढे तर नानांचा आवाज ऐकल्यावर माणसे धावत नसत, शांतपणे सामान उचलून चालू लागत. नाना बोलले म्हणजे गाडी लागलीच, याची खात्री असे.

निवृत्त झाल्यावर नाना वडाळे तलावापासून जवळच, एका सोसायटीत राहायला गेले. रिकाम्या माणसाला मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिनपद आपसूक नानांकडे आले, कारण सगळ्यांशी बोलणारा माणूस तोच. मग ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप, एसटीतल्या जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप, भजनी मंडळ, गावकी, भाऊबंद. पहाटे उठून नाना सगळीकडे सुप्रभात पाठवत. त्यापाठोपाठ येईल ते पाठवू लागले: गुडघेदुखीवरचा काढा, गॅस सिलिंडरची नवी योजना, समुद्रात सापडलेली द्वारका. लोक अंगठा दाखवत, हात जोडत. स्टँडवर एवढी वर्षे ओरडून कुणी नमस्कार केला नव्हता.

2024 चा ऑक्टोबर उजाडला. 15 तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. 29 ऑक्टोबरपर्यंत उमेदवारी अर्ज, 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. पनवेल म्हणजे 1852 साली नगरपालिका स्थापन झालेले गाव. आता महापालिका झाली, खारघर-कामोठे-कळंबोलीसकट मतदारांचा आकडा सहा लाखांपलीकडे गेला, तरी निवडणूक म्हटली की जुन्या पनवेलच्या अंगात अजून येते. नानांच्याही आले. त्यांनी ठरवले, आपल्या ग्रुपांवरून मतदानाचा प्रचार करायचा. पक्षाचा नाही, मतदानाचा.

पहिला संदेश आला तो असा : मतदान न करणाऱ्याच्या बँक खात्यातून 350 रुपये कापले जाणार. नानांना तो आवडला. निदान पैशाच्या भीतीने तरी लोक बाहेर पडतील. पण फोन काही ऐकेना. संदेशाच्या डोक्यावर दोन बाण होते, म्हणजे तो आधीच अनेक हातांतून फिरून आलेला. अशा संदेशाला व्हॉट्सअॅप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जाऊ देते. 2020 च्या एप्रिलपासून तसा नियमच आहे. नानांनी नातीला विचारले. ती कॉलेजच्या गडबडीत होती. "दाबून धरा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा," एवढे सांगून ती गेली.

नानांनी तसे केले आणि गंमत झाली. चिकटवलेल्या मजकुरावर बाण उरले नाहीत. कुठून आला, किती हातांतून आला, ती खूण पुसली गेली आणि मजकुराच्या वर फक्त नानांचे नाव राहिले. संदेश आता कुणा निनावी माणसाचा नव्हता, तो नानांचा झाला होता. भाजी मंडईत बायका एकमेकींना सांगू लागल्या, "350 रुपये कापणार आहेत म्हणे. नानांनी सांगितलंय."

त्याच आठवड्यात दुसरा संदेश आला. त्यात तर कायद्याचे कलमच होते. "मतदार यादीत नाव नसेल तरी घाबरू नका. आधार कार्ड दाखवा, कलम 49 अ खाली चॅलेंज व्होट मागा. अधिकाऱ्याला तुम्हाला मतदान करू द्यावेच लागेल." एवढी लोकोपयोगी माहिती आणि कुणाला ठाऊक नाही! नानांनी ती सगळ्या ग्रुपांवर चिकटवली. खाली स्वतःहून एक ओळ जोडली : "मतदान हा आपला हक्क आहे."

सोसायटीच्या फाटकाशी रोज सकाळी कोळीवाड्यातल्या मावशी मासळीची पाटी घेऊन बसत. त्या मुलीकडे राहायला गेल्यापासून जुन्या पत्त्यावरचे त्यांचे नाव यादीतून गळाले होते. मतदार यादीचे काम पाहणाऱ्या बीएलओ मॅडमनी त्यांना सांगितले होते, सहा नंबरचा अर्ज भरा, मुदत थोडी आहे, लवकर भरा. अर्ज भरायचा म्हणजे एक सकाळ बुडणार, आणि सकाळ बुडाली की मावरे बुडणार. मावशींनी नानांना गाठले.

"नाना, माजा नाव लिस्टीन नाय बोलतान. आता कसा करू?"

नाना हसले. "मावशी, कशाला धंदा बुडवता? आधार कार्ड घेऊन थेट जायचं आणि चॅलेंज व्होट मागायचं. 49 अ म्हणायचं. नवीन कायदा आहे."

मावशींनी मान डोलावली. त्यांना फोन वाचता येत नव्हता, पण नाना वाचता येत होते. तीस वर्षे माहेरी पेणला जाताना त्या नानांच्याच आवाजावर गाडीत चढल्या होत्या. अर्ज भरायची मुदत टळून गेली.

दिवाळीला नात घरी निवांत होती. तिने आजोबांचा फोन सहज चाळला आणि 350 रुपयांचा संदेश पाहून कपाळाला हात लावला. "नाना, ही 2019 च्या होळीची थट्टा आहे. एका हिंदी वृत्तपत्राने गंमत म्हणून छापली होती. निवडणूक आयोगानं, सरकारच्या पीआयबीनं, सगळ्यांनी ती खोटी म्हणून कधीच सांगितलंय." आणि तिने तो खुलासा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर हसू पिकले. कुणी टाकले, "नाना, आमचे 350 वाचले!" कुणी हसून लोळणारे चेहरे पाठवले. नानांनीही एक हसरा चेहरा टाकून विषय संपवला. दुसऱ्या संदेशाबद्दल नातीने काही म्हटले नाही. तिच्या नजरेस तो पडलाच नव्हता.

19 नोव्हेंबरच्या संध्याकाळी बीएलओ मॅडम लगबगीने आल्या. सोसायटीच्या दोन विंगांचे मतदान केंद्र बदलले होते. नेहमीच्या शाळेऐवजी दुसऱ्या, बऱ्यापैकी लांबच्या शाळेत जायचे होते. मॅडमनी आदेशाचा कागद दाखवला. नानांनी चष्मा लावून तो वाचला, भाग क्रमांक, खोली क्रमांक तपासला आणि ग्रुपवर लिहिले : "महत्त्वाची सूचना. ए आणि बी विंगचे मतदान केंद्र बदलले आहे."

पहिले उत्तर दोन मिनिटांत आले. "नाना, आणखी एक?"

दुसरे, "350 रुपयांची गाडी पुन्हा आली का?"

मग सेक्रेटरींचे, "सदस्यांनी निवडणुकीच्या काळात अफवा पसरवू नयेत, ही विनंती. शाळा तीच आहे." त्याखाली बारा अंगठे.

नानांनी कागदाचा फोटो टाकला. त्यावर कुणीतरी लिहिले, "आजकाल असले कागद मोबाइलवर पाच मिनिटांत तयार होतात." हे लिहिणारा काही खोटे बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही विंगांमधली बरीचशी माणसे जुन्या शाळेत गेली. ऊन चढेपर्यंत रांगेत उभी राहिली आणि टेबलापाशी पोचल्यावर त्यांना कळले, तुमचे नाव इथे नाही, दुसऱ्या शाळेत जा. काही रिक्षा करून गेले. काही चिडून घरी परतले. काहींनी म्हटले, सुट्टी आहे, गाडी काढलेलीच आहे, अलिबाग गाठू.

त्याच सुमारास मावशी आपल्या जुन्या केंद्रावर पोचल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पाटी मुलीवर सोपवली होती, पातळ नवे नेसले होते आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणले होते. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी वरखाली पाहिली. नाव नव्हते.

"च्यालेंज व्होट द्या," मावशी ठासून म्हणाल्या. "49 अ."

केंद्राध्यक्ष उठून आले. दमलेला, पण सभ्य माणूस होता. त्याने मावशींना बाजूला खुर्ची दिली आणि समजावले. यादीत नाव नसेल तर कुठल्याही कलमाखाली मत देता येत नाही. चॅलेंज नावाची गोष्ट आहे, पण ती उलटी. यादीत नाव असलेला माणूस मत द्यायला आला आणि उमेदवाराच्या प्रतिनिधीला वाटले की हा तो नव्हेच, तर तो प्रतिनिधी दोन रुपये भरून हरकत घेतो. त्याला म्हणतात चॅलेंज. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर वेगळी मतपत्रिका मिळते, पण त्यालाही नाव यादीत लागतेच. आणि 49 अ? निवडणूक नियमांतला तो नियम मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल आहे. त्याचा मावशींशी काही संबंध नाही.

"पन नानांनी सांगला ना," मावशी म्हणाल्या. केंद्राध्यक्षाला नाना कोण ते माहीत नव्हते.

दुपारी मावशी सोसायटीत आल्या. नाना खालीच कट्ट्यावर बसले होते, बोटाला शाई. मावशी ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. समोर उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, तुमी सांगलाव म्हनून मी फारम भरला नाय."

नानांना बोलता येईना.

"माजा मावरा खराब निंगाला तं मी गिऱ्हाइकाचे पैसे परत देते. तुमी माजा मत मना परत द्याल काय?"

त्या रात्री नाना जेवले नाहीत. नात शेजारी येऊन बसली. नाना म्हणाले, "मी खोटं सांगितलं ते लोकांनी मानलं. खरं सांगितलं ते मानलं नाही. दोन्ही वेळा बोलणारा मीच."

नात म्हणाली, "तुम्ही एकटे नाही आहात, नाना. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. ट्विटरवरच्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्यांची वाटचाल त्यांनी तपासली. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता 70 टक्क्यांनी जास्त निघाली. आणि त्यांना वाटलं होतं, हे काम यंत्रांचं असेल. तसं नव्हतं. यंत्रं खरं-खोटं सारख्याच वेगानं पसरवत होती. खोट्याला वेग देत होती ती साधी माणसं."

"साधी माणसं," नाना म्हणाले. "म्हणजे मी."

मग बराच वेळ ते सकाळच्या मतदानाबद्दल बोलत राहिले. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी दिसते, सात सेकंद. आपण पाहतो, आपले चिन्ह बरोबर आहे, आणि मग चिठ्ठी खाली पडते. सात सेकंद डोळ्यांनी पाहायचे. बाकी सगळे, म्हणजे पेट्या सांभाळणे, मोजणी, निकाल, दुसऱ्याच्या शब्दावर सोडायचे. प्रतिनिधी असतात, नोंदी असतात, न्यायालय असते. पण शेवटी तीही माणसेच. गावात कुणाच्या शब्दाला किंमतच उरली नाही, तर सात सेकंदांपलीकडच्या कुठल्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवील? आणि विश्वास नसेल तर तो उन्हात रांग लावील कशाला? अलिबागला गेलेल्यांवर रागावण्यात नानांना अर्थ वाटेना.

"स्टँडवर मी असं कधी केलं नाही," नाना म्हणाले. "मग इथंच कसं केलं?"

उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. स्टँडवर चुकीचे बोलले की माणसे डोळ्यांसमोर धावत, पडत, खिडकीशी येऊन शिव्या घालत. फोनवर बोट दाबले की समोर कुणी धावताना दिसत नाही. मनगट कुठेतरी मोडतेच, पण त्याचा आवाज अॅडमिनपर्यंत येत नाही. मावशी फाटकाशी बसणाऱ्या होत्या म्हणून येऊन बोलल्या. बाकीच्या ग्रुपांवर किती मावशी असतील?

सकाळी नानांनी सुप्रभात पाठवले नाही. ज्या ज्या ग्रुपवर तो मजकूर चिकटवला होता, तिथे तिथे त्यांनी लिहिले : "यादीत नाव नसताना आधार दाखवून मत देता येते, हा मी पाठवलेला संदेश खोटा होता. मी तो तपासला नव्हता. त्यामुळे एका बाईचे मत बुडाले. चूक माझी आहे." भजनी मंडळातला एकजण खासगीत म्हणाला, "अहो, निवडणूक झाली. आता बैल गेला आणि झोपा केला. कशाला उगाळता?" नाना म्हणाले, "निवडणूक पुन्हा येईल. संदेशही पुन्हा येईल." मग ते मावशींना घेऊन बीएलओ मॅडमकडे गेले, अर्ज भरला, आणि ती सकाळ मावशींच्या पाटीवर स्वतः बसले. पापलेटचा भाव त्यांना सांगता आला नाही, गिऱ्हाइकांनीच सांगितला.

ग्रुपवर मात्र नानांचा शब्द लगेच परत आला नाही. लोक वाचत आणि गप्प राहत.

महिना गेला असेल. एका दुपारी ग्रुपवर फोटो पडला : तलावाच्या काठाशी बसलेला भगव्या कपड्यांतला, दाढी वाढलेला माणूस, खांद्याला झोळी. खाली लिहिले होते, "पनवेलमध्ये मुले पळवणारी टोळी आली आहे. हा त्यातला एक. सावध राहा, दिसल्यास सोडू नका." वर दोन बाण. मतदान केंद्राचा सरकारी कागद ज्यांनी क्षणात खोटा ठरवला होता, त्यांनी या फोटोला काही विचारले नाही. शाळा सुटायची वेळ होती. आया धावल्या. त्यांच्यामागून तरुण पोरे धावली, एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती.

नानांनी फोटो पाहिला आणि त्यांच्या पायातले बळ गेले. 1 जुलै 2018 चा रविवार त्यांना आठवला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले होते. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्या भागात आधीपासून फोनवर फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. टोळी नव्हतीच. ते एसटीतून उतरले होते, अशी बातमी आली होती, आणि स्टँडवरच्या प्रत्येक माणसाच्या ती जिव्हारी लागली होती. आपल्या गाडीतून उतरलेला माणूस म्हणजे आपला पाहुणा. त्यानंतर दोन वर्षांनी पालघरमधल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेपायी गेले.

नाना चप्पल न घालता तलावाकडे निघाले. पोचले तेव्हा कडे झाले होते. मधे तो माणूस हात जोडून बसला होता. कुणीतरी त्याची झोळी उपडी केली होती. तांदूळ, एक डवर, दोन भाकऱ्या मातीत पडल्या होत्या.

"थांबा!" नाना ओरडले. "हा कोण आहे, कुणी विचारलं का?"

"नाना, तुम्ही नका मध्ये पडू," बॅटवाला म्हणाला. "तुमच्या बातम्या माहीत आहेत आम्हाला."

हे ऐकून नाना जरा थबकले, पण मागे सरले नाहीत. ते त्या माणसाशेजारी खाली बसले. "कुठून आलात?"

"सोलापूरकडनं, मालक. सकाळच्या गाडीनं."

"तिकीट आहे?"

माणसाने थरथरत्या हाताने कोपरीच्या खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. असली तिकिटे नानांनी जन्मभर पाहिली होती. आगार, मार्ग, टप्पा, तारीख, वेळ. त्यांनी ते स्वतः मोठ्याने वाचले नाही. बॅटवाल्याच्या हातात दिले. "तू वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

पोराने वाचले. तारीख त्याच दिवसाची होती. कडे किंचित सैल झाले, पण तुटले नाही. एक बाई म्हणाली, "तिकीट काय, चोरपण काढतो."

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरं, ह्यो तं आपला गोसावी! दरवर्साला येतो." मावशी पाटी डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी वाकून त्या माणसाकडे नीट पाहिले. "गेल्या साली बरोबर पोरगा होता. त्याला ताप आलेला, मीच पेज दिली. व्हय ना रं?" माणसाने मान हलवली आणि त्याला रडू फुटले.

मावशींच्या शब्दावर कुणी बोट ठेवले नाही. त्या जे सांगत होत्या, ते त्यांनी पाहिलेले होते, आणि न पाहिलेले काही त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते. विझलेली नजर आणि ताजी नजर माशाच्या डोळ्यात ओळखणारी बाई, असे सगळे पनवेल त्यांना ओळखत होते. बॅट खाली गेली. बघता बघता एकेकजण खाली वाकून तांदूळ वेचू लागला. पोलीस आले तेव्हा गोसावी कट्ट्यावर बसून चहा पीत होता.

संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. फोटो कुणी काढला, ते शोधता आले नाही. जो तो "मला दुसऱ्या ग्रुपवरून आला" एवढेच म्हणाला. कुणी म्हणाले, ग्रुप बंद करा. कुणी म्हणाले, सरकारने कायदा करावा. नात म्हणाली, "अफवेविरुद्ध कायदा आहेच, आणि तो लागेल तेव्हा लागेल. पण खरं काय ते सरकारनंच ठरवायचं म्हटलं, तर सरकारबद्दलची बातमी कोण तपासणार? स्वतःबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवणारा केंद्राचा कक्ष मुंबई उच्च न्यायालयानं आत्ता सप्टेंबरमध्येच रद्द ठरवला. आपलं काम आपल्यालाच करावं लागेल."

शेवटी नानांनी दोन नियम मांडले. पहिला, कुठलाही संदेश टाकायचा तर त्याच्या वर एक ओळ लिहायची : हे मी स्वतः पाहिले आहे, किंवा अमुक माणसाला विचारले आहे. ती ओळ लिहिता येत नसेल तर संदेश टाकायचा नाही. दुसरा, चुकले तर त्याच ग्रुपवर, त्याच नावाने, चूक म्हणून सांगायचे. नुसते पुसून टाकायचे नाही.

पहिल्या आठवड्यात ग्रुप ओस पडला. काढे गेले, द्वारका गेली. दोघेतिघे कंटाळून बाहेर पडले. मग हळूहळू वेगळ्या गोष्टी येऊ लागल्या. पाणी उद्या येणार नाही, पाटीवर वाचले. बी विंगच्या लिफ्टची तार तुटली, स्वतः पाहिली. बीएलओ मॅडम रविवारी बसणार आहेत, त्यांना विचारले. नव्या यादीत मावशींचे नाव आले, तेव्हा तो कागद नानांनी ग्रुपवर टाकला आणि वर लिहिले : "पाहिले." या वेळी कुणी विचारले नाही, नाना, आणखी एक?

तात्पर्य : न पाहिलेल्याची ग्वाही देणारा माणूस आपला शब्द खर्ची घालत असतो. हेतू चांगला असला म्हणून तो खर्च कमी होत नाही. शब्द संपला की खरे सांगायची वेळ येते तेव्हा गाठीशी काही उरत नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. लोकशाही एकेका माणसाच्या अशा शब्दांवर उभी असते. म्हणून पुढे पाठवण्याआधी पाहावे, विचारावे. आणि चुकलोच तर जिथे चुकलो तिथे, तेवढ्याच मोठ्याने, आपल्या नावानिशी सांगावे.